सांगितले, पण पोहोचले काय?

वक्ता आणि श्रोता मिळूनच कीर्तन उभे राहते, हे वारकऱ्याला सांगायला नको. तरी एक प्रश्न मला उतारवयातही सोडत नाही. हिताची गोष्ट सांगितली आणि ऐकणाऱ्याने ती केली नाही, तर दोष कुणाचा?

जुन्या मंडळींना नारू आठवत असेल. साठलेल्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे असतात. त्यांच्या पोटात नारूची पिले असत. ते पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षाने पायाला फोड येई आणि सुतासारखा लांब जंत बाहेर पडू लागे. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा. तोच पाय घेऊन माणूस बारवेत उतरला की पिले पुन्हा पाण्यात. या रोगावर औषध नव्हते, लसही नव्हती. पाणी वर्षापूर्वीचे आणि दुखणे आजचे. दोहोंचा संबंध कुणाला पटावा?

मलाही पटला नव्हता. ऐंशी सालानंतर एका दुष्काळी गावात सप्ताहाला गेलो होतो. पाय सुजलेला एक गृहस्थ समोर बसला होता. मी निरूपणात सांगून टाकले, "हे प्रारब्ध आहे, भोगूनच सरायचे." त्याने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी बारवेवर आरोग्य खात्याचा एक तरुण आला. त्याने काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उन्हात धरले आणि बायकांना म्हणाला, "बघा, काय हलतंय?" मग तेच पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पुन्हा दाखवले. फडके तर प्रत्येकीच्या घरात होते. पुढे तो म्हणाला, "नारू झालेल्यानं पाण्यात उतरायचं नाही."

एक म्हातारी म्हणाली, "बाबा, त्याची बायको बाळंतीण हाय. तो नाही उतरला तर त्याच्या घरी पाणी कोण भरंल?"

तरुण गप्प झाला. रागावला मात्र नाही. पायरीवर बसला आणि त्याने म्हातारीलाच विचारले, "आजी, तुम्हीच सांगा, काय करावं?" तिने आमच्या टाळकऱ्यांकडे बोट दाखवले. "ही पोरं रातभर नाचत्यात. दोन कळशा भरतील की." त्या दिवसापासून पोरांनी पाळी लावली. पहिली कळशी मी उचलली. कालच्या शब्दांचे ओझे त्याहून जड होते.

पुढे गावोगाव रोगी शोधले गेले, पाणी गाळायला शिकवले गेले, बारवांच्या जागी हातपंप आले. सन 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त ठरवला. ज्याला मी प्रारब्ध म्हणालो, ते फडक्याने आणि शेजारधर्माने सरले.

आता कोणी म्हणेल, सगळे हाताशी असूनही न ऐकणारे असतातच. असतात, आणि त्यांचा दोष त्यांचाच. पण तसे म्हणण्याआधी सांगणाऱ्याने त्याच्या चुलीपर्यंत जाऊन यावे. जळण नाही त्याला पाणी उकळायला सांगणे, रोजंदारी बुडेल त्याला पडून राहायला सांगणे, हे बोलणे खरे असले तरी अपुरे आहे. त्याने ते पाळले नाही की आपण त्याला अडाणी म्हणून मोकळे होतो. तेव्हा आजाराच्या जोडीला आपण त्याला अपराधही देतो.

गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत. आधी हात, मग शब्द, आणि शब्दातही आधी प्रश्न. तो क्रम मला बारवेवर कळला.

यंदा दिंडीत कोणी उलटी-जुलाबाने बसला तर "गाळून का नाही प्यायलास?" हे नंतर विचारू. आधी त्याचे गाठोडे आपल्या खांद्यावर घेऊ. मग आपला शब्द त्याच्या कानी पडेल.

रामकृष्ण हरि.