फलत्याग आणि हिशेब

शेगावास श्रीगजानन महाराजांच्या समाधीपुढे जो शेतकरी कापसाच्या पट्टीतून काढून ठेवलेली रक्कम दानपेटीत टाकतो, तो तिचे पुढे काय होणार याची चौकशी करीत बसत नाही. आणि १९८३ साली त्याच संस्थानाच्या आश्रयाने शेगावात अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेव्हा भक्तीचे द्रव्य विद्येकडे वळले याची खंत भाविकाने बाळगावी असे काही त्यात नव्हते, कारण विद्येचे फळ नजरेच्या टप्प्यातले होते. परंतु ज्या विद्येचे फळ पुढच्या पन्नास वर्षांत पदरात पडेल किंवा कधीच पडणार नाही, तिच्यासाठी दिलेले द्रव्य दान म्हणायचे की अविचाराचा खर्च, हा प्रश्न कर्करोगाच्या संशोधनासंबंधी विचार करताना मला टाळता आलेला नाही.

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला रोकडे रूप आहे. येथील महाविद्यालये अमरावतीच्या, संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाला जोडलेली; शेतीविद्येचा कारभार अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. वैद्यकाचा नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडे. संग्रामपूर वा जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातील एकाच घरात विहिरीचे खारे पाणी, कपाशीवर फवारायचे औषध, तंबाखूची चंची आणि कुणाच्या तरी देहातली गाठ ही एका छपराखाली असू शकतात. त्यांचा परस्परांशी काही कार्यकारणसंबंध आहे की नाही, हे ठरवण्यास रसायनज्ञ, कृषितज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि वैद्य यांना एकत्र बसवावे लागेल. आणि तीन विद्यापीठांच्या तीन दप्तरांत अशा बैठकीच्या खर्चाला हक्काचे खाते सापडणे कठीण. मोठ्या अनुदानासाठी अर्ज करावा, तर प्राथमिक निष्कर्ष मागितले जातात. निष्कर्ष काढावेत, तर आधी पैसा लागतो. ही कोंडी फोडणारी पहिली, लहानशी आणि बुडण्याची पूर्ण शक्यता असलेली रक्कम म्हणजे ज्याला हल्ली बीजनिधी म्हणतात तो.

अशा निधीच्या तुलनेत अन्नदानाचा पक्ष अर्थातच बळकट आहे. पंगतीला बसलेल्याची भूक खरी, तिची निवृत्ती तत्काळ, आणि दात्याचे समाधान निःशंक. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचा विचार करताना देश, काळ व पात्र यांचा विवेक आणि परतफेडीच्या अपेक्षेचा अभाव सांगितला आहे. त्यातले देश आणि काळ संशोधनाच्या बाबतीत ठरवता येतात, पण पात्र कोण? प्रयोगशाळेतला विद्वान नव्हे, तो तर मधला वाहक; खरा प्रतिग्रहीता अद्याप आजारी पडलेला नाही, कदाचित जन्मासही आलेला नाही. सर दोराबजी टाटांची पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी तिच्या नावाने त्या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्तनिधी स्थापला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते स्वतःही निवर्तले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय उघडले ते १९४१ साली. जिच्यासाठी द्यावे ती उरली नव्हती, आणि देणारा फळ पाहण्यास थांबणार नव्हता. अशा स्थितीत दिलेल्या द्रव्याला निष्काम म्हणायचे नाही, तर दुसऱ्या कोणत्या द्रव्याला म्हणायचे? आपल्या शास्त्रकारांनी ऋषिऋण अध्ययनानेच फिटते असे मानले, ते मला या ठिकाणी अक्षरशः खरे वाटते. आज आपल्या आप्ताला वाचवणाऱ्या औषधामागे ज्यांचे प्रयोग फसले त्यांचेही श्रम आहेत, आणि त्यांची परतफेड करण्यास पुढच्यांच्या अध्ययनाला हातभार लावण्यावाचून मार्ग नाही.

मात्र फलाचा त्याग दात्याने करायचा असतो. संशोधकाला हिशेबाचा त्याग करण्याची सनद त्यातून मिळत नाही. ज्याचा प्रयोग फसला आणि ज्याने तो जसाच्या तसा लिहून प्रसिद्ध केला, त्याने दान सार्थकी लावले. ज्याने अपयश दप्तरात दडवले, त्याने पुढच्या संशोधकाला त्याच वाटेवर पुन्हा धाडून दात्याचे द्रव्य दुसऱ्यांदा बुडवले. आणि दाता म्हणजे केवळ पैसे देणारा, ही समजूतही मला अपुरी वाटते.

१९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियोंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक अभ्यास हाती घेतला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया चार गटांत विभागल्या होत्या. तीन गटांची निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी झाली, चौथ्या गटाला माहिती दिली, पण तपासणी त्याच्यासाठी योजलेली नव्हती. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हा रोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूच्या, आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने त्याचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, त्या गटात ३४, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. जगभरच्या स्त्रियांच्या उपयोगी पडणारे हे ज्ञान मराठवाड्याच्या खेड्यांतून निघाले. त्या चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांविषयी पुढे नीतिशास्त्रात मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्यांनी जे दिले ते धनापेक्षा जड होते, आणि ते देण्याचा संकल्प त्यांनी पुरेसा जाणून केला होता काय, ही शंका दानाच्या मुळालाच हात घालते; कारण संकल्पावाचून दान नाही, आणि जे संकल्पावाचून घेतले गेले त्याचे पुण्य दात्याला लागो वा न लागो, घेणाऱ्याच्या माथ्यावर ऋण मात्र निश्चित चढते.

तेव्हा वऱ्हाडातील एखाद्या संस्थानाने किंवा विद्यापीठाने असा बीजनिधी काढण्याची तजवीज केली, तर विश्वस्तांनी यशाची हमी मागू नये. ती प्रामाणिकपणे कोणी देऊच शकत नाही. त्यांनी मागावे ते हे की ज्यांच्या देहावर अभ्यास होणार त्यांना त्यांच्या गावात, त्यांच्या बोलीत, नकाराची मोकळीक ठेवून आधी विचारले जावे. अभ्यास फसला तरी त्याचा अहवाल मराठीत छापून त्याच ग्रामसभेपुढे वाचला जावा. आणि एखादी पद्धत गुणकारी ठरल्यास ज्यांना ती प्रथम मिळाली नाही त्यांना ती देण्याचा खर्च मूळ मंजुरीतच वेगळा काढून ठेवलेला असावा, पुढच्या अनुदानाच्या भरवशावर सोडलेला नसावा.