न पाहिलेली गळती



विहिरीतून पोहरा वर आला आणि पाण्याला पेट्रोलचा वास आला, तर आपण काय करू? पहिल्या दिवशी पोहरा विसळून पुन्हा सोडू. दुसऱ्या दिवशी शेजारी विचारू. तिसऱ्या दिवशी आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतील, कारण विहिरीचे नाव खराब झाले की जमिनीचा भावही उतरतो.

जानेवारी 2024 मध्ये गोव्यात दाबोळी परिसरातल्या लोकांवर हीच वेळ आली. विहिरींच्या पाण्यात इंधन उतरलेले आढळले, संशय जमिनीखालच्या इंधनवाहिनीवर गेला आणि शोध सुरू झाला. आमच्या हिंगोली जिल्ह्यात बंदर नाही, मोठी वाहिनीही नाही. पण पेट्रोल पंप आहेत आणि त्यांच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या आहेत. कळमनुरी असो की सेनगाव, उन्हाळ्यात आपला सारा जीव विहिरीवर आणि बोअरवर असतो.

असा शोध कसा घेतात हे थोडे समजून घेऊ. आधी हिशेब पाहतात: टाकीत किती आले, किती विकले, डिप किती दाखवते. मग टाकी आणि पाइप दाब देऊन तपासतात. मग आजूबाजूला भोके पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती आणि पाणी प्रयोगशाळेत पाठवतात. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते, पण त्यातले बेंझिन थोडेथोडे पाण्यात विरघळते, आणि बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम सांगितली आहे. आपल्या पेट्रोलमध्ये बेंझिन शेकडा 1 पर्यंत चालते. कागदावर गणित मांडले, तर अशा एका लिटर पेट्रोलमधले बेंझिन 8 लाख लिटरहून अधिक पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते.

त्यातून आपली जमीन अवघड. वर काळी माती, खाली काळा पाषाण, आणि पाणी वाहते ते पाषाणाच्या भेगांतून. त्यामुळे पंपालगतची विहीर चांगली आणि लांबची बिघडलेली, असेही होऊ शकते. म्हणून जवळची विहीर पाहून निश्चिंत होता येत नाही. आणि वास आला म्हणून जवळच्या पंपवाल्यालाच चोर ठरवता येत नाही. खोटा आळ घेणे हेही पापच आहे.

आता खरा प्रश्न. पंपाच्या मालकाने तपासलेच नाही, तर तो खरेपणाने म्हणू शकतो, ‘मला माहीत नव्हते.’ हे अज्ञान त्याला निर्दोष ठरवते काय? निर्गमाच्या 21 व्या अध्यायात नियम आहे: कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि शेजाऱ्याचा बैल त्यात पडला, तर भरपाई खड्डेवाल्याने करावी. आजचा खड्डा मात्र नीट झाकलेला असतो, वर फरशीसुद्धा असते. झाकलेला आहे हीच अडचण. आम्हाला वाटते, जे कळणे शक्यच नव्हते त्याचा दोष माणसाला लागत नाही. पण डिप आणि वही जुळत नाही हे दिसूनही जो पुढे पाहत नाही, त्याचे अज्ञान त्याने स्वतः निवडलेले असते.

मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात 1992 साली लोक काही दिवस सांगत होते की गटारांतून पेट्रोलचा वास येतो. अधिकाऱ्यांनी येऊन पाहिलेही, पण लोकांना घरे सोडायला सांगितले नाही. 22 एप्रिलच्या सकाळी गटारांत स्फोट झाले, रस्तेच्या रस्ते उखडले आणि 200 हून अधिक माणसे गेली. पाण्याच्या पाइपालगत इंधनवाहिनी गंजून तिला भोक पडले होते.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली मान्य केले की प्रदूषण करणाऱ्यानेच त्याचा खर्च सोसावा. चांगले झाले. पण गळती सापडल्यावरच ना?

वास आलाच तर ते पाणी पिऊ नये, उकळून शुद्ध करायलाही जाऊ नये, विहिरीजवळ काडी ओढू नये. तहसील कार्यालयात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा. आणि हो, गॅरेजमध्ये पेट्रोलने सुटे भाग धुऊन ते मागच्या मोकळ्या जागेत ओतणारे आपणच असतो, त्याचा अर्ज कोणी करत नाही.

राहिला तो पंपावर डिप घेणारा पोरगा. तूट पहिल्यांदा त्याच्याच नजरेला पडते. त्याने मालकाला सांगितले तर त्याच्यावरच चोरीचा संशय यायचा. बाहेर सांगितले तर नोकरी जायची. ‘तू बोल’ असे त्याला सांगणे आपल्याला सोपे आहे. त्याची नोकरी गेली, तर दुसरे काम मिळेपर्यंत त्याच्या घरचा किराणा कोण भरणार, हे आपण एकमेकांत कधी बोललो आहोत काय?