माहितीचा भाव

जपानमधल्या ‘हार्ड ऑफ’ या जुन्या मालाच्या दुकानांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. तिथे ‘जंक’ लिहिलेल्या टोपल्या असतात. चालेल की नाही याची हमी नाही, पाहा आणि घ्या. कुणी त्यातून बंद पडलेला कॅमेरा किंवा गेमबॉय उचलतो, घरी नेऊन दुरुस्त करतो आणि घबाड लागल्यासारखा खूश होतो. बघताना आपणही खूश होतो. मन कुठे अडखळत नाही, कारण समोर कंपनी आहे. किंमत लावायला तिच्याकडे पगारी माणसं आहेत. तिने तपासणीचा खर्च वाचवला, ते काम ग्राहकाने केलं आणि त्याची मजुरी घेतली.

मी जुन्या वस्तू शोधतो त्या आपल्या शहरात, जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात. पथारीवर नळाच्या तोट्या, चार्जर, कुलपं, तांब्याची भांडी आणि एखाद्या डब्यात जुनी नाणी. इथे तोच व्यवहार करताना मन अडखळतं. का, ते नीट पाहिलं पाहिजे.

नाण्यांचंच उदाहरण घेऊ. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा इथे चारमिनारचं चित्र असलेला हाली सिक्का चालायचा. तो चलनातून गेला १९५९ मध्ये. चारमिनार कुणालाही ओळखू येतो, त्यामुळे त्याचा भाव विक्रेत्यालाही ठाऊक असतो. पण त्याआधी, मुघल काळात, या शहराची स्वतःची टांकसाळ होती आणि तिच्या अनेक रुपयांवर शहराचं नाव फारसीत ‘खुजिस्ता बुनियाद’ असं यायचं. ते अक्षर लावता आलं नाही तर हातात राहते फक्त सुमारे ११ ग्रॅम चांदी. विक्रेता चांदीचा भाव सांगतो. मला अक्षर लागतं, त्याला लागत नाही. मी गप्प राहून पैसे दिले तर ते बरोबर की चूक?

कायदा माझ्या बाजूने आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १७ नुसार, बोलणं हे कर्तव्यच ठरावं अशी परिस्थिती नसेल, तर नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे. कलम २० तर आणखी स्पष्ट आहे: वस्तूच्या किमतीबद्दल कुणाचं मत चुकलं, तर ती करार रद्द करण्याजोगी चूक धरली जात नाही. बाजार चालायचा तर असंच असावं लागतं. नाहीतर रोज संध्याकाळी प्रत्येक सौदा उलटवला जाईल.

पण कायदा फक्त एवढंच सांगतो की मला कोर्टात कुणी ओढणार नाही. रोमन लेखक सिसेरोने कर्तव्यांवरच्या आपल्या पुस्तकात स्केवोला नावाच्या माणसाची गोष्ट दिली आहे. त्याला एक शेत घ्यायचं होतं. मालकाने किंमत सांगितली. स्केवोला म्हणाला, मला याची किंमत जास्त वाटते, आणि त्याने मागितल्यापेक्षा एक लाख नाणी जास्त मोजली. लोक म्हणायचे, हे भल्या माणसाचं वागणं झालं, शहाण्या माणसाचं नव्हे. सिसेरोचा आक्षेप इथेच आहे. भलेपणा आणि शहाणपणा अशा दोन चुली मांडल्या की बिघाड सुरू होतो.

माझे मित्र यावर म्हणतात, पथारीवाल्याने तरी कुठे खरी किंमत दिली? त्याने डबा भंगारवाल्याकडून घेतला, भंगारवाल्याने कुठल्यातरी घरातून किलोवर उचलला. मूळ नुकसान त्या घराचं, आणि ते घर आता सापडणार नाही. मग मध्यल्याच माणसाला जास्त पैसे कशासाठी द्यायचे? मुद्दा खोटा नाही. पण साखळीत आधी कुणीतरी कमी दिलं म्हणून माझ्या कडीचा हिशेब माफ होत नाही. माझ्यासमोर तो आहे. ते घर नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: आम्ही वस्तू वाचवतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी जमवली आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. अशी माणसं नसती तर बरंच काही मोडीत गेलं असतं. मान्य. पण वस्तू मोडीत का जाते? तिची किंमत कुणाला माहीत नसते म्हणून. ज्या अज्ञानामुळे मला रुपया चांदीच्या भावात मिळतो, त्याच अज्ञानामुळे दुसरा एखादा रुपया सराफ्यात जाऊन वितळतो. एक माझ्या हाती येतो, आणि जे येत नाहीत ते मोजायला कुणी नसतं. ते अज्ञान टिकावं असं ज्याला वाटतं, त्याने ‘मी वारसा जपतो’ असं म्हणू नये.

म्हणून मी काही साध्या गोष्टी पाळतो. घासाघीस करायची, पण ‘नकली दिसतंय’ असं खोटं बोलून नाही. समोर आजीचा डबा विकायला आणलेली बाई असेल, तर पैसे देण्याआधी सांगायचं, कारण तिचा हा धंदा नाही आणि तिला ही संधी एकदाच आहे. पथारीवाल्याचा हा धंदा आहे. माल निवडणं त्याचं काम, शोधणं माझं. त्याने मागितलेला भाव द्यायचा आणि सौदा झाल्यावर त्याला दाखवायचं, ‘चाचा, हे बघा, इथे हे अक्षर असलं की बाजूला काढून ठेवा.’

सौद्यानंतर सांगणं म्हणजे जखमेवर मीठ, असं कुणी म्हणेल. कधीकधी ते खरंही असतं, आणि तीच खरी परीक्षा आहे. स्वस्तात मिळालेल्या वस्तूचा किस्सा आपण सगळ्यांना रंगवून सांगतो, फक्त ज्याच्याकडून घेतली त्याला सोडून. त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत होत नसेल, तर फरक फार मोठा आहे, आणि पैसे देतानाच काही नोटा वाढवायला हव्यात.

यात तोटा आहे. शिकलेला विक्रेता पुढच्या रविवारी भाव वाढवतो. पण तेव्हा डब्यातली चार नाणी त्याने माझ्यासाठी वेगळी काढलेली असतात.