चंचल मन आणि फळ्याचा कोपरा



गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन देवाला म्हणतो, मन चंचल आहे, ते आवरणे वारा आवरण्याइतके अवघड. देव त्याला दटावत नाहीत. आधी त्याचे म्हणणे खरे मानतात, मग अभ्यास आणि वैराग्य सांगतात. हा क्रम आपण विसरतो.

आमच्या हरिपाठाला घोडबंदर रोडवरच्या एका शाळेतल्या बाई येतात. चाळिशीच्या. शिकवायला लागल्या की तल्लीन. पण हजेरी, वह्या, निकालपत्रके यांत सदा गोंधळ. बाहेर मेट्रोच्या कामाचा आवाज झाला की बोलण्याचा धागा तुटतो. डॉक्टरांनी निदान केले, एडीएचडी. म्हणजे अवधान टिकवण्यातली अडचण. ती लहानपणापासूनची असते. बाराव्या वर्षाआधी लक्षणे दिसली होती का, हे डॉक्टर विचारतातच. बाईंनी गोळ्या सुरू केल्या, तेव्हा आपल्यातलेच कोणी म्हणाले, "नाम कमी पडतंय. माळ ओढा, गोळ्या सोडा."

मला हे मुळीच पटत नाही. मोतीबिंदू झालेल्याला आपण भाव वाढव म्हणतो, की शस्त्रक्रिया करून घे म्हणतो?

आणि आधाराची लाज वारकऱ्याला कशाला? कीर्तनकार उभा राहिला की दृष्टांतातून दृष्टांतात शिरतो, कथेच्या नादात मूळ अभंग मागे राहतो. (श्रोत्यांना तेच आवडते, ही गोष्ट वेगळी.) मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात आणि त्याला चरणावर आणून सोडतात. मी आयुष्यभर त्यांच्याच जोरावर उभा राहिलो. बाईंनी वर्गात तेच केले आहे. फळ्याच्या कोपऱ्यात तासाचे चार टप्पे लिहिलेले, मोबाईलला गजर, रोज पाचच वह्या, पण रोज.

निदान म्हणजे सबब नव्हे, हे त्या स्वतःच म्हणतात. मुलांची वही तपासून मिळाली पाहिजे, हा मुलांचा हक्क. पण सुटलेले मन परत आणणे हाच जर अभ्यास, तर ज्याचे दिवसातून शंभरदा सुटते आणि जो शंभरदा आणतो, त्याला आळशी कोणत्या तोंडाने म्हणावे? ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउलींनीही श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. मागितले आहे, दरडावून घेतलेले नाही.

बाईंच्या वर्गात खिडकीबाहेर बघणारी दोन-तीन मुले आहेत. त्यांना त्या पुढच्या बाकावर बसवतात आणि मधूनमधून फळा पुसायला उठवतात.