शौच, सोवळे आणि कूलरची ताटी

होळीची राख थंड होते न होते तोच जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये कूलरांची आठवण निघते. गेल्या पावसाळ्यात घाईने गच्चीवर सारलेला डबा खाली येतो. टाकीच्या तळाशी गाळ वाळून तडकलेला, पंपाच्या जाळीत मेलेले डास, आणि तिन्ही बाजूंच्या ताट्यांतले गवत, जे एके काळी पिवळेधमक होते, ते आता तपकिरी आणि जागोजागी पांढऱ्या क्षाराने कडक झालेले. पुष्कळ घरांत त्यावरच दोन बादल्या पाणी ओतून बटण दाबतात. पहिल्या पाच मिनिटांत खोलीभर पसरणारा कुबट वास उन्हाळ्याचाच वास समजून सगळे आनंदाने हुंगतात, आणि चार दिवसांनी कुणाच्या शिंका थांबेनात की दोष बदलत्या हवेला देऊन मोकळे होतात. याच घरात देवघरातले सोवळे मात्र चोख असू शकते. माझे म्हणणे असे की, ऋतू पालटण्याआधी ती ताटी बदलणे आणि टाकी घासणे हे शौचाच्या मूळ कल्पनेला सोवळ्यापेक्षा अधिक जवळचे आहे.

शौच हा शब्द आपण संडासात कोंडून ठेवला, ही मराठीची एक गंमत. पतंजलीने योगसूत्रांत नियमांची यादी केली तेव्हा मात्र त्याला पहिले स्थान दिले. संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान हे सगळे त्यानंतरचे. शौचाचे फळ म्हणून तो जे सांगतो ते आणखी चमत्कारिक आहे. शुद्धी पाळणाऱ्याला आपण इतरांहून शुद्ध झालो असे वाटत नाही. त्याला उलट स्वतःच्याच देहाची शिसारी येते. या सूत्रावरच्या व्यासभाष्याचा रोख असा की, कितीही धुतला तरी हा देह शुद्ध होत नाही, हे धुणाऱ्यालाच दिसू लागते. म्हणजे अशुद्धीचा उगम आपल्यातच आहे ही जाणीव म्हणजे शौचाची प्रगती. सोवळ्याची दिशा बरोबर उलटी आहे. तिथे विटाळ कायम बाहेरून येतो, दुसऱ्याच्या सावलीतून, दुसऱ्याच्या स्पर्शातून. कुणी म्हणेल, त्याच सूत्रात परक्यांशी असंसर्गही सांगितला आहे, मग भिंती उभारायला आधार मिळतोच. पण तो असंसर्ग येतो आपला देह पाहून. दुसऱ्याला हीन ठरवून नव्हे. आणि हवेच्या बाबतीत असंसर्ग हा शब्दच पोकळ आहे. प्रौढ माणूस दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो, आणि ती कोणाच्या छातीतून येऊन गेली हे विचारायची सोय नसते.

ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली घडवला. त्याला म्हणायचे होते की शरीराची प्रतिक्रियाच पालटलेली आहे. परागकण विषारी नसतो. मध्य भारतात फेब्रुवारी-मार्चमध्ये वावळ्याची झाडे फुलतात. ज्याच्या पापडीसारख्या बिया मुले वेचून खातात तोच हा वावळा, हिंदीत चिरोल. त्याचा पराग शेजारच्या दहा जणांच्या नाकात जातो आणि अकराव्याचे डोळे लाल होतात. त्या अकराव्याच्या शरीराने एका निरुपद्रवी पाहुण्याला शत्रू ठरवले, इतकेच घडलेले असते. देहाने पाळलेले हे एक कडक सोवळेच म्हणा ना. मग उपाय म्हणून दारे-खिडक्या लावून घेणे म्हणजे त्याच चुकीची घराच्या मापाने केलेली पुनरावृत्ती नव्हे का? परागाच्या दिवसांत पहाटे-सकाळी खिडकी बंद ठेवण्यात शहाणपण आहे, हे मान्य. पण बंद खोलीतही शिंका येतात, आणि इथेच पतंजली कामाला येतो.

गाद्या-उशांत राहणारे माइट मिलिमीटरच्या पाव ते एक-तृतीयांश भागाएवढे, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे. त्यांचे अन्न म्हणजे आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीचा कोंडा, आणि त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतला दमट अंश शोषून घेतात. सापेक्ष आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की ते सुकतात. जबलपूरचा चैत्र-वैशाख त्यांना मारायला पुरेसा कोरडा असतो. त्यांना वाचवतो आपला कूलर. तो बाहेरची हवा ओल्या ताटीतून ओढतो, पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, गारवा मिळतो, आणि त्याबरोबर दमटपणाही. हवेला बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी ठेवली नाही, तर तो दमटपणा गादीत मुरतो. एसीचे दुखणे वेगळे. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा जवळजवळ घेतच नाही, खोलीतलीच फिरवत राहतो. पुढचे झाकण उचलून जाळी ओढली की तिच्यावर करड्या नमद्यासारखा थर निघतो. त्यात कपड्यांचे तंतू असतात, फोडणीचा चिकटपणा असतो, उदबत्तीची काजळी असते, आणि आपण स्वतः असतो. ती जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धरणाऱ्याला भाष्य वाचायची तशी गरज उरत नाही.

यावर एक जुना आक्षेप आहे: मन स्थिर असेल तर देह असल्या गोष्टींनी डळमळत नाही. नेपियर टाउनपासून भंवरताल उद्यान पायी जाण्याइतके जवळ आहे. तिथल्या बकुळीखाली, ज्याला तिकडे मौलश्री म्हणतात, २१ मार्च १९५३ रोजी आपल्याला बोध झाला असे रजनीश सांगत. त्या बोधाचे मूल्यमापन इथे करायचे नाही. पण पुढे याच ओशोंना दमा आणि ॲलर्जीने इतके छळले की पुण्याच्या आश्रमात प्रवचनाला येणाऱ्यांचे केस आणि कपडे दारात हुंगून मगच आत सोडत. अत्तराचा वास आला की परत पाठवणी. भक्त असोत की टीकाकार, दोघांनीही यातून एवढे घ्यायला हरकत नाही की श्वासनलिकेला साक्षात्काराशी देणेघेणे नसते. शिंकणाऱ्या सुनेला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणणारे घर धर्म सांगत नाही, आळस झाकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. आम्ही मातीत लोळून वाढलो, आम्हाला कुठे काय झाले. अति स्वच्छतेनेच ही दुखणी आली. याला आधारही आहे. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासून दाखवले की, जितकी मोठी भावंडे जास्त तितका पराग-सर्दीचा त्रास कमी. पण हा निष्कर्ष बालपणातल्या संसर्गाविषयीचा आहे. पन्नाशीच्या दमेकऱ्याला बुरशी धरलेल्या ताटीतली हवा देण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. माती आणि सडका ओलावा एकच नव्हेत, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

गीतेतली तितिक्षा राहिली: शीतोष्ण येते-जाते, सोसावे. सोसावेच, पण आपले आपण. तितिक्षा दुसऱ्यावर लादता येत नाही, आणि घराची हवा कधीच एकट्याची नसते.

खरा पेच अहिंसेचा आहे, आणि जबलपुरात जैनांची वस्ती मोठी असल्याने तो केवळ पुस्तकी नाही. माइट मारायचे, बुरशी खरवडायची, टाकीतल्या डासांच्या अळ्या नालीत ओतायच्या, ही हिंसा नव्हे का? जैन आचाराने याचे उत्तर फार पूर्वी शोधले आहे, आणि ते मला सर्वांत पटते. तिथे भर मारण्या-न मारण्यापेक्षा यतनेवर आहे: जीव उपजतील अशी ओल साचूच द्यायची नाही. पाणी गाळून घ्यायचे, भांडे कोरडे ठेवायचे. कूलरला हे जसेच्या तसे लागू पडते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी केली तर एडिस डासाची अळी पुरी वाढूच शकत नाही, मग मारायची वेळच कशाला येईल? रजया कपाटात जाण्याआधी दोन दिवस कडक उन्हात पडल्या, आषाढात कूलर बंद करताना ताट्या काढून टाकी पालथी घातली, तर चैत्रात तो तपकिरी भुसा पाहावा लागत नाही. हिंसा बहुतेक वेळा उशिरा केलेल्या कामातून जन्मते.

मात्र घरच्या यतनेला मर्यादा आहे. गाजरगवत भारतात ठळकपणे नजरेस आले ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. आता ते जबलपूरच्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर पावसाबरोबर उगवते आणि भाद्रपदात पांढऱ्या फुलांनी भरते. कोणतीही जाळी त्याचा सगळा पराग अडवू शकत नाही. शहरात १९८९ पासून तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह होतो. फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून ते मुळासकट उपटायचे. उघड्या हाताने उपटले तर अंगावर खाज आणि चट्टे उठतात. त्या आठवड्यात आपली जाळी धुऊन झाली असेल तर हातमोजे घेऊन शेजारच्या प्लॉटवर जावे लागते, मग तो प्लॉट कोणाच्याही मालकीचा असो.