फूत्कार

इंग्रजी कादंबऱ्यांतली माणसे रागाच्या भरात ‘हिस्’ करून बोलतात. तिकडच्या चोखंदळ संपादकांचा यावर एक आक्षेप असतो: वाक्यात ‘स’ नसेल, तर ते ‘हिस्’ करून बोलणार तरी कसे? आक्षेप गमतीचा खरा. पण आपल्या मराठीला तो शिवत नाही. आपण सापाचा आवाज ‘स’वर नव्हे, ‘फ’वर बांधला. साप फूत्कारतो, मांजर फिस्कारते, माणूस फणकारतो. अक्षर कोणतेही असो, खरा आवाज कोंडलेल्या श्वासाचा!

सापाला स्वरतंतूच नसतात. तो नुसती हवा जोराने बाहेर सोडतो. आमच्या जालना जिल्ह्यात, अंबड-घनसावंगीकडच्या कपाशीत आणि तुरीत राबणारा माणूस घोणस सापाचा फूत्कार ओळखतो. कुकरच्या शिट्टीसारखा तो आवाज कानी आला, की पुढे टाकलेले पाऊल मागे येते आणि दोघांचाही जीव वाचतो. म्हणजे फूत्कार हा दंश नव्हे. दंश टळावा म्हणून केलेली ती विनवणीच. रामकृष्ण परमहंसांच्या दृष्टांतातला साप साधूच्या उपदेशाने चावणे सोडतो आणि पोरांच्या हातून मरता मरता वाचतो. तेव्हा साधू त्याला समजावतो, की मनाई चावण्याला होती, फूत्काराला नव्हे.

मग माणसाचा फूत्कार मला का खुपतो? या दिवाळीतच पाहा. पाहुणे फराळाला बसले आहेत. पोराच्या हातून चिवड्याची बशी सांडते. वडील हसतमुखानेच त्याच्या कानाशी वाकतात आणि दातांतून दोन शब्द सोडतात. पाहुण्यांना काही कळत नाही. पोराचा चेहरा मात्र उतरतो. सासू सुनेशी, साहेब कारकुनाशी अनेकदा असेच बोलतो. ओरडणाऱ्याचा राग निदान चारचौघांत येतो; ‘अहो, जाऊ द्या’ म्हणत कोणी मध्ये तरी पडतो. दातांतल्या रागाला साक्षीदार नसतो. ज्याच्यावर तो पडतो, तो भरल्या घरात एकटा होतो.

आपण याला सभ्यपणा म्हणतो, कारण आवाज चढलेला नसतो. पण हळू बोलणे वेगळे आणि मऊ बोलणे वेगळे. तोच श्वास, तोच आवाज. दुर्बळाच्या तोंडी तो बचाव असतो, बलवंताच्या तोंडी दंश. पायाखाली येणाऱ्याने खुशाल फूत्कारावे. पाय ज्याचा आहे, त्याने मात्र खाली पाहून चालावे.