एसटीने केलेली यात्रा

सप्तशृंगगडाची यात्रा आता एका दिवसात होते. नाशिकहून सकाळची एसटी धरली की दिंडोरी, वणी, नांदुरी आणि पुढे घाट असे सुमारे ६० किलोमीटर पार करून दुपारच्या आरतीआधी गडावर पोहोचता येते आणि दिवेलागणीला घरी परतता येते. २०१८ पासून गडावरच्या गावातून देवळापर्यंत फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. त्यामुळे पाचशेच्या आसपास पायऱ्यांची चढणही टळते. पाय न शिणवता, मुक्काम न करता घेतलेल्या या दर्शनाला यात्रा म्हणावे का, हा प्रश्न त्यातूनच येतो. देवी गडावरची, पण गडाखालच्या गावावरून लोक तिला ‘वणीची देवी’ म्हणतात. साडेतीन पीठांतले हे अर्धे पीठ.

वाहनाचा प्रश्न शास्त्रकारांनाही पडला होता. मत्स्यपुराणातल्या प्रयागमाहात्म्यात वाहनाने केलेली यात्रा निष्फळ म्हटली आहे. पण त्याला कारणे जोडली आहेत. ऐश्वर्याचा दिमाख, लोभ किंवा मोह यांपायी जो वाहनात बसतो, त्याच्याबद्दलचे ते बोलणे आहे. ज्याच्या अंगात चालण्याचे बळ नाही, त्याला हा दोष कसा लागेल? महाभारताच्या वनपर्वातला विचार तर याहून उदार आहे. यज्ञाला द्रव्य लागते, साधने लागतात, माणसे लागतात. गरिबाला ते झेपत नाही, म्हणून तीर्थाला जाणे यज्ञापेक्षाही श्रेष्ठ, असे तिथे सांगितले आहे. तीर्थाचे फळ कोणाला मिळते, तर ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे त्याला. तो तीर्थावर कशाने पोहोचला, ही अट त्यात नाही.

या कसोटीवर एसटी उतरते. तिच्यात दिमाख नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. गुडघे धरलेल्या आजीला आज गडावर नेणारी हीच गाडी आहे. मांडीवर पिशवी, पिशवीत खण, नारळ आणि घरून बांधून आणलेली भाकरी. नांदुरी सोडून घाट लागला की तिचा एक हात पिशवीवर असतो आणि दुसरा पुढच्या बाकाच्या दांडीवर. तिला पायऱ्यांचा हिशोब विचारणे हा धर्म नव्हे. गडावरच्या पायऱ्या अठराव्या शतकात उमाबाई दाभाडे यांनी बांधवल्या, त्यासुद्धा कड्याची वाट लोकांना सोपी व्हावी म्हणूनच. पायरी पुण्याची आणि ट्रॉली पापाची, असा भेद करता येत नाही.

तरीही एका दिवसाच्या यात्रेत काहीतरी हातचे जाते, हे मान्य केले पाहिजे. जुन्या विधीत यात्रेआधी उपास, गणेशपूजन आणि संकल्प होता. म्हणजे यात्रा घरातच सुरू होई. चैत्रोत्सवात धुळे-जळगावकडून ध्वज घेऊन चालत येणाऱ्या खानदेशी भाविकांचे मन कित्येक दिवस वाटेवर असते. तासाभराच्या दर्शनात शेवटच्या गाडीची चिंता मनाला सोडत नाही. अठरा हातांची, सुमारे आठ फुटांची ती मूर्ती मान किंचित कलती करून उभी आहे. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सांगत असलेले पुराण ती ऐकते आहे, अशी श्रद्धा आहे. ऐकत उभ्या असलेल्या देवीसमोर घड्याळ पाहत उभे राहणे बरे दिसत नाही.

भूमध्य समुद्राकाठीही हाच पेच दिसतो. ग्रीसमधल्या टिनोस बेटावर मेरीमातेच्या दर्शनाला लोक पिरेयसहून बोटीने येतात. पण बंदरापासून चर्चपर्यंतचा चढ काहीजण गुडघ्यांवर रांगत पार करतात. लांबचे अंतर बोटीवर सोपवायचे आणि शेवटचा थोडा टप्पा स्वतःच्या देहाने द्यायचा, अशी ती तोड आहे. गडावरही पायरीपायरीला हळदकुंकू लावत चढणाऱ्या बाया दिसतात, त्यातल्या पुष्कळजणी एसटीनेच आलेल्या असतात.

म्हणून यात्रेचा दिवस आखताना थोडा सैल आखावा. पहिली गाडी धरावी, परतीसाठी शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नये, एका दिवसात चार देवस्थाने कोंबू नयेत. चढता येत असेल त्याने पायऱ्या चढाव्यात आणि ट्रॉलीची रांग ज्याला गरज आहे त्याच्यासाठी मोकळी ठेवावी. गर्दी टाळायची तर चैत्र आणि नवरात्र सोडून साधा वार निवडावा. त्या उत्सवांच्या दिवसांत नांदुरीच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी असते आणि ज्यांना चालायचे नाही त्या सगळ्यांना गडावर एसटीनेच जावे लागते.